आधी खोल्या मोजा, मग वॉट

डिचोली तालुक्यातल्या सर्वणसारख्या गावात जुन्या घराची आखणी आजही नजरेत भरते. पुढे सोपा, आत चौक, चौकाभोवती खोल्या, एका बाजूला देवघर आणि मागे स्वयंपाकघर. भिंती चिऱ्यांच्या, जाडजूड. वर वासे आणि मंगळुरी कौले. चवथीला देवघरात माटोळी बांधली जाते, घुमट, शमेळ आणि कासाळे घेऊन आरत्या रंगतात आणि घर माणसांनी भरते. पण मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत त्या आरतीतले शब्द पोहोचत नाहीत. चिऱ्याची भिंत शब्द अडवते, पलीकडे जातो तो फक्त ठोका.

मग घरातला कोणीतरी विचारतो : सगळ्या खोल्यांत एकेक स्पीकर लावला, तर ते सगळे चालवणारा स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर कोणता? दुकानात या प्रश्नाचे उत्तर बहुधा वॉटमध्ये मिळते : जितके जास्त, तितके चांगले. खरे उत्तर घरात असते. खोल्या किती, स्पीकर किती ओहमचे आणि तार किती लांब, या तीन गोष्टी ठरल्या की यंत्र जवळजवळ आपोआप ठरते.

मैदानाचा हिशेब घराला लावू नये

मोठ्या वॉटांचे आकर्षण आपल्याकडे मोकळ्या जागेवरच्या आवाजातून आले. गोवा मुक्तीच्या इतिहासात त्याचे एक विलक्षण उदाहरण आहे. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ पासून सीमेबाहेरच्या जंगलातून भूमिगत नभोवाणी केंद्र चालवले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा लाऊडस्पीकर बसवलेल्या विमानातून त्यांनी ती बातमी आकाशातून गोमंतकीयांना ऐकवली. तिथे प्रचंड आवाज हवाच होता. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. १ मीटरवर १०० डेसिबल असलेला आवाज ३२ मीटरवर ७०च्या आसपास येतो. जत्रेला, नाटकाच्या मांडवाला किंवा नरकासुराच्या रात्री मोठी यंत्रे लागतात ती याच कारणाने.

घरात ऐकणारा स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर असतो आणि भिंती आवाज परत देतात. नेहमीचा घरगुती स्पीकर १ वॉटवर, १ मीटर अंतरावर सुमारे ८७ डेसिबल देतो. खोलीत ३ मीटरवर त्याचे ८०च्या आसपास उरतात. बोलण्याची पातळी ६० ते ६५ डेसिबल असते. म्हणजे संभाषणाइतक्या आवाजात भजन ऐकायला १ वॉटचा तिसावा भागही पुरतो. संगीतात अचानक उसळणारे ठोके सरासरीच्या २० डेसिबल वर जातात आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. तेवढी जागा ठेवली तरी एका स्पीकरला ३ ते ४ वॉट लागतात. आठ स्पीकरांच्या घराची खरी गरज अशा रीतीने तीसेक वॉटमध्ये भागते.

दुसरीकडे, ५० वॉटऐवजी १०० वॉटचे यंत्र घेतले तर वाढ मिळते अवघ्या ३ डेसिबलची, कानाला जेमतेम जाणवेल एवढी. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. त्यामुळे वॉटचा आकडा दुप्पट करण्यासाठी दिलेले पैसे घरात फारसे ऐकू येत नाहीत.

खोक्यावरचा आकडा तपासूनच घ्यावा. एके काळी टेपरेकॉर्डरवर हजारांत छापलेले ‘पीएमपीओ’ वॉट अनेकांना आठवत असतील. एखाद्या क्षणापुरत्या कल्पित शिखराचा तो आकडा असे आणि सलग चालण्याशी त्याचा संबंध नसे. अमेरिकेत असल्याच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीबद्दल खास नियम केला. ग्राहकाने विचारायचे ते एवढेच : ८ ओहमवर, दोन्ही चॅनल एकदम चालू असताना, सलग किती ‘आरएमएस’ वॉट?

यंत्र जळते ते ओहमच्या हिशेबात

स्वस्तातले अ‍ॅम्प्लिफायर आवाज कमी पडल्याने क्वचितच निकामी होतात. बहुतेक वेळा स्पीकर चुकीच्या पद्धतीने जोडलेले असतात. एकाच टाकीला नळ वाढवत जावे तसे स्पीकर समांतर जोडत गेले की प्रवाह वाढत जातो. २० व्होल्टवर ८ ओहमचा एक स्पीकर अडीच अँपिअर ओढतो. दोन समांतर जोडले की भार ४ ओहम होतो आणि प्रवाह ५ अँपिअर. चार जोडले की भार २ ओहम आणि प्रवाह १० अँपिअर. ४ ओहमपर्यंतच्या भारासाठी बनवलेले यंत्र इथे तापते, संरक्षक सर्किट असेल तर बंद पडते, नसेल तर जळते. शिवाय ८ ओहम हा नाममात्र आकडा असतो. काही स्वरांवर तोच स्पीकर पाच-सहा ओहमपर्यंत उतरतो.

म्हणून खरेदीआधी यंत्राची पाठ वाचावी. ‘ए’ किंवा ‘बी’ जोडीसाठी ४ ते १६ ओहम आणि ‘ए + बी’साठी ८ ते १६ ओहम असे छापलेले असेल, तर ८ ओहमच्या दोन जोड्या एकदम चालतील. तिसरी जोडी थेट लावू नये.

चार सारखे स्पीकर असतील तर एक जुनी युक्ती कामाला येते. दोन-दोन एकसर जोडायचे आणि त्या दोन जोड्या समांतर लावायच्या. ८ ओहमच्या चार स्पीकरांचा एकूण भार पुन्हा ८ ओहमच राहतो. मात्र खोलीगणिक आवाज कमी-जास्त करता येत नाही आणि एक स्पीकर तुटला की त्याचा जोडीदारही मुका होतो.

चार वाटा

पहिली वाट जुन्या होम थिएटर रिसीव्हरची. पाच चॅनलचा वापरलेला, चालू स्थितीतला रिसीव्हर मिळाला तर प्रत्येक स्पीकरला त्यात स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. सगळ्या चॅनलवर एकच गाणे वाजवण्याची सोय असलेला रिसीव्हर निवडला की पाच स्पीकरांचा प्रश्न ओहमची आकडेमोड न करता सुटतो. घेताना प्रत्येक चॅनल वाजवून पाहावा आणि अर्धा तास चालू ठेवून तो किती तापतो ते हाताने तपासावे.

दुसरी वाट चांगला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर सिलेक्टरची. सिलेक्टरमध्ये भार सांभाळण्याची सोय हवी, नुसती बटणे नकोत. रोधक घालून भार सांभाळणाऱ्या पेटीत काही शक्ती उष्णतेत जाते, पण यंत्र वाचते. भिंतीवर बसणारे ट्रान्सफॉर्मरवाले व्हॉल्यूम कंट्रोल त्याहून बरे. भार सांभाळला जातो आणि प्रत्येक खोलीचा आवाजही वेगळा ठेवता येतो.

तिसरी वाट क्लास-डीच्या छोट्या यंत्रांची. ‘टीपीए३११६’ या चिपवरचे तयार बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन बाजारापर्यंत सगळीकडे मिळतात. चिप तापते कमी आणि २४ व्होल्टच्या चांगल्या अडॅप्टरवर घराला पुरून उरेल एवढा आवाज देते. प्रत्येक दोन खोल्यांना एक, अशी दोन-तीन छोटी यंत्रे घेतली तर एक बिघडल्याने सगळे घर बंद पडत नाही. एक खबरदारी मात्र टाळता येत नाही. या यंत्रांचे ऋण टोक जमिनीला जोडलेले नसते. डाव्या-उजव्या चॅनलच्या ऋण तारा एकत्र करणारा सिलेक्टर त्यांना लावला तर चिप जाऊ शकते.

चौथी वाट आपल्या देवळांत आणि शाळांत रुळलेली १०० व्होल्ट लाइनची. आहुजासारख्या भारतीय कंपन्यांच्या मिक्सर अ‍ॅम्प्लिफायरवर ही लाइन असते. प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात आणि त्यावर ५ किंवा १० वॉटचे टॅप निवडतात. हिशेब फक्त वॉटच्या बेरजेचा. चार खोल्यांत प्रत्येकी १० वॉट घेतले तर ४० होतात आणि ६० वॉटचे यंत्र ते निवांत पेलते. आवाज मोनो मिळतो आणि स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्ज थोडा मार खातो. पण माइकची सोय यंत्रातच असते. देवघरातला माइक उघडला की आरती मागच्या खोलीत शब्दांसह ऐकू येते. लांबरुंद घरात, जिथे गाण्यापेक्षा भजन, आरती आणि बातम्या जास्त ऐकल्या जातात, तिथे माझी पहिली शिफारस याच वाटेची आहे.

मोनो म्हणजे कमीपणा, असे मानू नये. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सुवर्ण तबकडीवरून अवकाशात गेला. त्यांच्या आणि मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांच्या जुन्या तबकड्या मुळातच मोनो आहेत. त्या प्रत्येक खोलीत एकाच स्पीकरवर ऐकल्याने काही हरवत नाही. स्टीरिओ हवा तो जिथे बसून, लक्ष देऊन ऐकायचे त्या एका खोलीत.

तार, पाऊस आणि वीज

यंत्रावर वाचवलेले पैसे तारेत घालावेत. स्पीकर २० मीटरवर असेल तर जाण्या-येण्याची मिळून तार ४० मीटर होते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध त्या लांबीला सुमारे १.४ ओहम भरतो. ४ ओहमच्या भारावर पाव शक्ती तारेतच जिरते. दीड चौरस मिलिमीटरला हाच रोध अर्ध्या ओहमच्या आत येतो. १०० व्होल्ट लाइनवर १० वॉटच्या स्पीकरला जेमतेम ०.१ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून तिथे बारीक तारही चालते. मात्र ती बिनजोड, चांगल्या आवरणाची आणि हात न लागेल अशी हवी, कारण १०० व्होल्टचा झटका बसतो. चिरा फोडून खाचा मारण्यापेक्षा वाशांच्या कडेने पाइपातून तार नेणे सोपे. त्यामुळे उंदरांपासूनही ती वाचते. विजेच्या तारांसोबत ती एकाच पाइपात घालू नये.

गोव्याच्या हवेत यंत्राची जागाही विचार करून ठरवावी. पावसाळ्यातल्या ओलीने जोडण्या हिरव्या पडतात. उबेला आलेली पाल किंवा मुंग्या बोर्डावर शॉर्ट करतात. यंत्र भिंतीपासून हातभर पुढे, वरून मोकळे आणि हवेच्या भोकांवर बारीक जाळी लावून ठेवावे. मे महिन्यातल्या आणि पाऊस परतताना होणाऱ्या गडगडाटात प्लग काढून ठेवावा. सोप्याबाहेर नेलेली तारही सोडवावी.

स्पीकरमधून सतत ‘घूं’ येत असेल तर टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवून पाहावेत. घूं जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणे मात्र जिवावर बेतू शकते. चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग कमजोर पडते. ते मिस्त्रीकडून मोजून घ्यावे, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आवाज कुंपणाच्या आत

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, असेही तो नियम सांगतो. सोप्यावर एक मोठा स्पीकर ठेवून सगळ्या घराला ऐकवायचे म्हटले, तर आधी शेजाऱ्याला ऐकू जाते आणि मागच्या खोलीला कमीच पडते. खोलीखोलीत हळू बोलणारे छोटे स्पीकर असले की आवाज घरच्यांना पुरतो आणि कुंपणाशी विरतो.

२०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. ते वाजते त्या खोलीत स्पीकरची गरजच नाही, तिथला स्पीकर बंद ठेवावा. यंत्राचे काम भिंतीपलीकडच्या माणसासाठी आहे.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा. कागदावर घराचा नकाशा काढा आणि ऐकणारा कुठे बसतो वा झोपतो तिथे खूण करा. अंतरे मोजा, तार ठरवा, स्पीकर निवडा, ओहमचा हिशेब करा आणि शेवटी त्या भाराला पुरेल असा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. या क्रमाने गेले की साधे यंत्रही वर्षानुवर्षे चालते आणि वाचलेल्या पैशांतून आणखी एका खोलीत स्पीकर लागतो. तो आधी आजारी, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत लावावा, कारण घरातल्या आवाजाची सर्वांत जास्त गरज तिथेच असते.