गवत कापायची गाडी घरघर करायला लागली की नेमकं काय बिघडलेलं असतं?

आपल्याकडे अंगणात गवत वाढलं तर फार तर घरातली मोठी माणसं बोलतात. अमेरिकेत थेट नगरपालिका दंड लावते. फ्लोरिडा राज्यातल्या ड्युनेडिन शहरात 2018 साली एका घराच्या अंगणातलं गवत 10 इंचांच्या वर गेलं. दंड होता दिवसाला 500 डॉलर. तो वाढत वाढत 30 हजार डॉलरच्या घरात पोहोचला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

त्यामुळे तिकडे अर्ध्या-एक एकराचं अंगण असलेल्या घरात, गॅरेजमध्ये, गवत कापायची गाडी असतेच. छोट्या ट्रॅक्टरसारखी, वर बसून चालवायची. न्यू जर्सी किंवा टेक्सासला स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांतही शनिवारची सकाळ हिच्यावरच जाते.

आणि मग ऐन मे महिन्यात, गवत सगळ्यात जोरात वाढत असताना, गाडीच्या पोटातून घरघर सुरू होते. गवत सरळ कापलं जात नाही, पायऱ्या पडल्यासारखं दिसतं. पट्टा सारखा निसटतो. लोक पात्याला धार लावून बघतात, पट्टा बदलून बघतात, फरक शून्य. कारण बिघाड बहुतेक वेळा तिसरीकडेच असतो: स्पिंडलमध्ये.

गाडीच्या पोटाखाली उलट्या परातीसारखा जो लोखंडी भाग असतो त्याला डेक म्हणतात. डेकला भोक पाडून त्यात एक उभा दांडा बसवलेला असतो. दांड्याच्या वरच्या टोकाला पुली, खालच्या टोकाला पातं. इंजिनाचा पट्टा पुली फिरवतो, दांडा फिरतो, पातं फिरतं. हा दांडा आणि त्याला धरून ठेवणारं ओतीव घर, म्हणजे हाउसिंग, मिळून झालं स्पिंडल. हाउसिंगमध्ये वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंग असतात. 42 इंची डेकला सहसा अशी दोन स्पिंडल असतात, त्याहून मोठ्या डेकला तीन.

आता या दोन बेअरिंगवर किती भार येतो ते बघा. 21 इंची पातं मिनिटाला 3000 फेरे मारत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटर होतो. (अमेरिकेतल्या सुरक्षा मानकात टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला 19 हजार फूट आहे, म्हणजे ताशी सुमारे 347 किलोमीटर.) या वेगात पातं एखाद्या दगडावर आपटलं आणि एका टोकाचं फक्त 10 ग्रॅम लोखंड उडालं, तरी पात्याचा तोल जातो आणि दांड्याला साधारण 27 किलो वजनाइतकी ओढ बसते. ती ओढ प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलते, सेकंदाला 50 वेळा. तसंच रेटत दोन-तीन आठवडे गवत कापलं तर खालचं बेअरिंग गेलंच म्हणून समजा.

दुसरा शत्रू पाणी. काम झालं की डेकवर जोराच्या पाण्याचा फवारा मारायची अनेकांना सवय असते. ते पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं, गोळ्यांना गंज धरतो. तिसरा शत्रू दोरा किंवा लांब गवत. ते दांड्याभोवती गुंडाळून हळूहळू सील खाऊन टाकतं.

बेअरिंग गेलंय हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. इंजिन बंद, किल्ली काढलेली, स्पार्क प्लगची वायर सोडवलेली, हातात जाड मोजे. पात्याची दोन टोकं धरून वर-खाली हलवायची. हाताला खटखट प्ले लागला तर झीज आहे. मग पट्टा काढून एकेक पुली हाताने फिरवायची. चांगली पुली मऊसूत फिरते, बिघडलेली वाळूत फिरवल्यासारखी करकरते.

इथं खर्चाचा प्रश्न येतो. अख्खं नवं स्पिंडल तयार मिळतं, पण हाउसिंग आणि दांडा धड असेल तर नुसती दोन बेअरिंग बदलून काम होतं आणि ती अगदी थोडक्या डॉलरमध्ये येतात. बेअरिंगच्या कडेवर नंबर छापलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो 6203 असतो: आतलं भोक 17 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 40, जाडी 12. हे माप जगभर एकच आहे, पुण्यातल्या दुकानात 6203 मागितलं तरी हेच माप हातात पडतं. पण एक मेख आहे. काही कंपन्या बाहेरून 6203 सारखीच, पण आतलं भोक इंचाच्या मापात असलेली बेअरिंग वापरतात. म्हणून नुसत्या नंबरवर विसंबू नये, दांडा मोजावा. नंबरापुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं. ओल्या गवतातल्या कामाला रबरी सीलवालंच बरं.

कामाची सुरुवात डेक खाली काढून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पातं आणि डेक यांच्यात लाकडी ठोकळा अडकवून नट सोडवतात. काही मॉडेलना उलटे आटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी माहितीपुस्तिका बघावी. हाउसिंगचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचे कान ताकद लावली की तुटतात आणि मग नवं हाउसिंग आणण्यावाचून इलाज नाही.

दांडा बाहेर काढला की दोन बेअरिंगच्या मधे एक साधी नळी दिसते. तिला स्पेसर म्हणतात. दिसायला क्षुल्लक, पण बहुतेक घरगुती दुरुस्त्या इथंच फसतात. वरचा नट आवळला की त्याची ताकद एका बेअरिंगच्या आतल्या कडीतून या नळीत आणि नळीतून दुसऱ्या बेअरिंगच्या आतल्या कडीत जाते. नळी विसरली तर दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या बाजूने चेपल्या जातात आणि कोरी बेअरिंग बघता बघता तापून जातात. एक बेअरिंग बसवलं, नळी टाकली, मगच दुसरं, हा क्रम चुकवायचा नाही.

दुसरी हमखास चूक हातोड्याची. हाउसिंगमध्ये बेअरिंग ठोकताना मार नेहमी बाहेरच्या कडीवर बसला पाहिजे. तिच्याच मापाचा सॉकेट ठेवून हळूहळू बसवतात. आतल्या कडीवर ठोकलं की प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. त्याआधी बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं आणि हाउसिंग थोडं गरम केलं तर ते फार कमी कष्टात आत सरकतं.

आता ग्रीसच्या निप्पलची गंमत. अनेक हाउसिंगवर निप्पल असतो आणि मालक दर महिन्याला इमानदारीत ग्रीसगन मारत असतो. पण आतली बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद असतील तर ते ग्रीस मधल्या पोकळीत नुसतं साठून राहतं, गोळ्यांपर्यंत एक थेंब जात नाही. काही कंपन्या आतल्या बाजूने उघडी बेअरिंग देतात, तिथं निप्पलचा खरा उपयोग होतो. म्हणून काही जण नवं बेअरिंग बसवताना आतल्या बाजूचं सील टोकदार हत्याराने काढून टाकतात. निप्पल असेल तरच हे करण्यात अर्थ आहे.

दुरुस्ती कुठं करू नये, हेही ठरलेलं आहे. नवं बेअरिंग हाउसिंगमध्ये नुसत्या बोटाने आत जात असेल तर भोक मोठं झालंय. बाहेरची कडी आतच फिरत राहिल्याने असं होतं. मग भोकाच्या कडेला छन्नीचे ठोके मारून किंवा गोंद लावून ते बसवायचे उपाय सुचवले जातात. ताशी 300 किलोमीटरने फिरणारं पातं अशा जुगाडावर सोडू नये. हाउसिंग नवं घ्यावं. दांडा वाकला असेल, त्याचे आटे गेले असतील किंवा पात्याची खाच गोल झाली असेल तर दांडाही नवा. नव्या ॲल्युमिनियम हाउसिंगला कधी कधी आटेच नसतात आणि ते बघून लोक माल परत पाठवतात. सोबतचे बोल्ट आवळताना स्वतःच आटे पाडतात, ते सरळ आणि सावकाश आवळायचे एवढंच.

सगळं जोडल्यावर पातं हाताने फिरवून बघतात, नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळतात आणि दहा-पंधरा मिनिटं गवत कापून गाडी थांबवतात. इंजिन बंद करून, किल्ली काढून, पट्ट्यावरचं झाकण उघडायचं आणि हात जरा लांब ठेवून प्रत्येक स्पिंडलची धग बघायची. सगळी सारखीच कोमट असतील तर काम जमलं. एखादं इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर ते पुन्हा उघडायचं, आणि आधी ती नळी आत आहे का ते बघायचं.