सहाशे चेंडूंची वही

२८ नोव्हेंबर २०२२. विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशच्या शिवा सिंगच्या एकाच षटकात सात षटकार ठोकले. त्या रात्री मला भलताच प्रश्न पडला: वहीत षटकाचा चौकोन सहा चेंडूंचा, मग त्यात सात षटकार लिहिले कसे? म्हणून २ डिसेंबरला अहमदाबादेत महाराष्ट्र-सौराष्ट्र अंतिम सामन्याला गेलो आणि स्कोररच्या टेबलामागे बसलो.

टेबलावर दोघं. तरुणाकडे लॅपटॉप, वयस्कर काकांकडे वही आणि टोकदार पेन्सिल. उत्तर काकांनी चुटकीसरशी दिलं: सातातला एक नो-बॉल होता, त्याचा गोल काढायचा, त्यात ६ लिहायचे, फलंदाजाला सहा, गोलंदाजाच्या नावावर सात. षटकाचे ४३. मग हिंदीत म्हणाले, "दोन्ही डावांचे मिळून सहाशे चेंडू आहेत. एकही सुटता कामा नये."

एक लाख बत्तीस हजारांचं स्टेडियम, बहुतेक खुर्च्या रिकाम्या. पंचांनी खूण केली की काका हात वर करतात. प्रत्येक चेंडू दोघं एकमेकांना बोलून दाखवतात. षटक संपलं की फलंदाजांची बेरीज अधिक अवांतर आणि धावफलक, दोन्ही जुळलेच पाहिजेत.

ऋतुराजने १३१ चेंडूंत १०८ धावा केल्या. शतकाला टाळ्या पडल्या तेव्हा काका खाली मान घालून आकडा लिहीत होते. एकोणपन्नासाव्या षटकात सौराष्ट्रच्या चिराग जानीने हॅट्ट्रिक घेतली. मैदानात मिठ्या, आरडाओरडा. टेबलावर दर वेळी तेच काम: बाद कसा, कितीव्या धावेवर, नवा कोण. महाराष्ट्र ९ बाद २४८.

तरुण म्हणाला, आता सगळं संगणकच करतो. मला पटलं नाही. संगणक बेरीज करतो. चेंडू पॅडला लागून गेला की बॅटला, ते पंचांच्या खुणेवरून माणूसच टिपतो.

शेल्डन जॅक्सनच्या नाबाद १३३ धावांनी सौराष्ट्र ४६.३ षटकांत जिंकलं. या करंडकातली महाराष्ट्राची ही पहिलीच अंतिम फेरी, पण विजेतेपद पाच गड्यांनी हुकलं. सहाशेपैकी एकवीस चेंडू टाकावेच लागले नाहीत.

धावफलकाखाली पंचांची नावं छापतात. त्याच ओळीत स्कोररचीही छापा. दिवसभरातला प्रत्येक चेंडू त्यांच्याही सहीनिशी इतिहासात जातो.