कोंबडीचे पीस : त्याची घडण व आनुवंशिकता

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस गगनबावडा, राधानगरी व शाहूवाडी या तालुक्यांत मृगापासून पुढे पावसाची झोड असते. पूर्वेस शिरोळ व हातकणंगले या भागांत पाऊस बेताचा, परंतु चैत्र-वैशाखातील ऊन कडक असते. दोन्ही भागांत परसात कोंबड्या पाळल्या जातात. पावसाळी गारठ्यापासून कोंबडीचा बचाव तिची पिसेच करतात. उलट, उन्हाळ्यात तीच पिसे अंगातील उष्णता बाहेर पडू देत नाहीत. म्हणून पीस कशाचे बनते व त्याचे गुण पिल्लांत कसे उतरतात, हे कुक्कुटपालकाने समजून घेणे हिताचे आहे.

वाळलेल्या पिसाचा सुमारे नऊ-दशांश भाग प्रथिनाचा असतो. या प्रथिनास केराटिन म्हणतात. आपले केस व नखे, मेंढीची लोकर, बैलाची शिंगे ही देखील केराटिनचीच होत. मात्र सर्व केराटिन एकाच जातीचे नसते. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने लोकर व पिसे यांची अंतर्रचना तपासली. लोकरीतील केराटिनचे धागे सुताच्या पिळाप्रमाणे वळलेले असतात. त्यास आल्फा केराटिन म्हणतात. पिसातील प्रमुख केराटिन घडी घातलेल्या कापडाप्रमाणे चुण्यांचे असते. त्यास बीटा केराटिन म्हणतात. लोकर ताणली जाते. पीस फारसे ताणत नाही, परंतु वजनाने हलके असून ताठ राहते. बीटा केराटिन केवळ पक्षी व सरपटणारे प्राणी यांच्यातच आढळते. पक्ष्यांच्या अंगी आल्फा केराटिनही असते व पिसाच्या घडणीत त्याचाही वाटा असतो.

पिसातील केराटिनचा एक कण सुमारे शंभर अमिनो आम्लांच्या साखळीचा असतो. या शंभरांपैकी सातच्या आसपास आम्ले गंधकयुक्त असतात. शेजारशेजारच्या साखळ्यांतील गंधक एकमेकांस जोडले जाते आणि पक्के टाके घातल्यासारखी बांधणी होते. यामुळेच पीस पाण्यात विरघळत नाही, उकिरड्यात लवकर कुजत नाही व कच्चे खाल्ल्यास जनावरास पचत नाही. वाफेच्या दाबाखाली शिजविल्यास मात्र हे टाके सुटतात आणि त्यापासून प्रथिनयुक्त पिसांची भुकटी तयार करता येते.

पीस उपटून पाहिल्यास मधला दांडा, दांड्याच्या दोन्ही अंगांस शाखा, आणि शाखांना अतिसूक्ष्म उपशाखा दिसतात. उपशाखांना बारीक आकड्या असून त्या एकमेकींत अडकतात. त्यामुळे पिसांचा पडदा अखंड राहतो व पाणी आत शिरत नाही. कोंबडी चोचीने पिसे साफ करते, तेव्हा ती या सुटलेल्या आकड्या पुन्हा बसवीत असते.

हे प्रथिन कोणत्या प्रकारे घडावयाचे याची आज्ञा जनुकांत असते. कोंबडीचा संपूर्ण जनुकसंच २००४ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात बीटा केराटिनची शंभराहून अधिक जनुके असून त्यांतील बहुतेक २५ व २७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर शेजारी शेजारी वसलेली आहेत. पीस, खवले व नखे यांसाठी त्यांपैकी वेगवेगळी जनुके कामास येतात.

एका जनुकातील लहानसा बिघाड किती परिणाम करतो, हे उलट्या पिसांच्या कोंबडीवरून कळते. या कोंबडीविषयी खेड्यात नाना समजुती आहेत. परंतु तिचे कारण साधे आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एका आल्फा केराटिनच्या जनुकातील छोटा तुकडा गळाल्यामुळे दांडा दुर्बल होऊन बाहेरच्या बाजूस वळतो. हा दोष एकाच पालकाकडून आल्यास पिसे नुसती वळतात; दोहोंकडून आल्यास ती ठिसूळ होऊन गळतात व पक्षी जवळजवळ उघडा पडतो. उलट्या पिसांचे नर व मादी एकत्र ठेवल्यास सरासरीने चार पिल्लांमागे एक असे उघडे, दोन वळलेल्या पिसांची व एक साध्या पिसांचे निपजते. याकरिता अशा कोंबडीस नेहमी साध्या पिसांचा कोंबडा द्यावा.

उघड्या मानेच्या कोंबडीची गोष्ट वेगळी आहे. तिचे केराटिन निर्दोष असते. परंतु मानेच्या कातडीत पिसांचे अंकुरच फुटत नाहीत. हा गुण एका पालकाकडून आल्यास एकूण पिसे सुमारे २० ते ३० टक्के, व दोहोंकडून आल्यास सुमारे ४० टक्के कमी होतात. अंगातील उष्णता सहज बाहेर पडत असल्याने असा पक्षी उन्हाळा चांगला सोसतो. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या पक्ष्यापासून 'हितकारी' व उलट्या पिसांच्या पक्ष्यापासून 'उपकारी' हे संकर याच विचाराने तयार केले. शिरोळसारख्या उष्ण भागात असे पक्षी उपयोगी पडतील. गगनबावड्याच्या पावसात मात्र त्यांना कोरडा व वाऱ्यापासून सुरक्षित निवारा नसेल तर ते गारठतील. तेथे भरगच्च पिसांची कोंबडीच बरी.

जनुके उत्तम असूनही खाद्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले नसतील तर पीस नीट घडत नाही. मका व सोयाबीनची पेंड या खाद्यात मेथिओनीन हे आम्ल अपुरे पडते. त्याच्या अभावी पिसे विरळ येतात व पक्षी एकमेकांची पिसे टोचू लागतात. मासळीची भुकटी किंवा तिळाची पेंड योग्य प्रमाणात मिसळल्यास ही उणीव भरून निघते. दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घालते. त्या काळात तिचे प्रथिन पिसांकडे वळते व अंडी थांबतात. हा रोग नव्हे. तिला विकून न टाकता चांगले खाद्य द्यावे. पीस कुरतडणाऱ्या उवांसाठी खुराड्याजवळ राख व कोरडी माती घातलेला खड्डा ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पिल्ले वाटण्यापूर्वी गावचा पाऊस, ऊन व खुराड्याची सोय ही तिन्ही पाहावीत आणि मगच जात सुचवावी.