पीडितेशी बोलण्याचे शिक्षण

लैंगिक अत्याचार सोसून आलेल्या स्त्रीची जबानी घेणे हे फौजदाराचे काम असून तिची प्रकृती विचारणे हे डॉक्टरांचे, हा भेद न्यायवैद्यकाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांनी इतका पुसट करून ठेवला होता, की विद्यार्थी रुग्णाकडे जाण्यापूर्वीच संशय शिकत असे. घाटकोपरच्या राजावाडी इस्पितळात आणि ओशिवऱ्याच्या प्रसूतिगृहात मुंबई महापालिकेने ‘सेहत’ या संस्थेच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास जी नवी पद्धत अंगीकारली, तिचा रोख या सवयीवरच होता.

या पद्धतीचे नियम असे: एकांत हवा; तपासणी, नमुने आणि पोलिसांना खबर यांसाठी संमती वेगवेगळी घ्यावी, आणि तक्रार करण्याची इच्छा नसली, तरी उपचार नाकारू नयेत. स्नान केले काय, कपडे धुतले काय, हे अवश्य विचारावे, कारण त्याने पुरावा नाहीसा होतो. मात्र ते का विचारतो हे आधी सांगावे, नाहीतर प्रश्नाला दोषारोपाचा वास येतो. पूर्वायुष्यातील संबंधांची चौकशी सर्वथा वर्ज्य. धमकीने वा भयाने शरीर गोठते, म्हणून जखमांचा अभाव हा संमतीचा दाखला नव्हे; हे एक वाक्य, माझ्या मते, साऱ्या प्रकरणात शिकवण्यास सर्वांत अवघड.

स्त्रीला संबंधांची सवय आहे की नाही हे योनिमार्गात बोटे घालून ठरवू पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या खासगीपणावरील आघात ठरवली. तरीही ती अभ्यासक्रमातून काढण्यासाठी २०२२ मध्ये पुन्हा हुकूम द्यावा लागला.