सर्क्लिपची पक्कड निवडताना

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, की द्राक्षबागेतील केवड्याची फवारणी एक दिवसही लांबविता येत नाही. नेमका तेव्हाच ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टचा क्रॉस खिळखिळा होतो. क्रॉसच्या बेअरिंग-वाट्या जागेवर धरणारी स्प्रिंग स्टीलची कडी म्हणजे सर्क्लिप; मिस्त्री तिला नुसते 'लॉक' म्हणतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यास ती वाकते किंवा उडून डोळ्यास इजा करते.

कडीच्या टोकांना भोके असतील तरच ही पक्कड चालते. भोकाच्या आत बसणाऱ्या सर्क्लिपसाठी मूठ दाबल्यावर टोके जवळ येणारी, तर शाफ्टवरील सर्क्लिपसाठी टोके फाकणारी पक्कड घ्यावी. दोन्ही कामे करणारी बदलती पक्कड स्वस्त वाटते, पण आमच्या मते ट्रॅक्टरच्या कामास ती कमकुवत पडते. १९ ते ६० मि.मी. व्यासाच्या सर्क्लिपला साधारण १.८ मि.मी. जाडीची टोके लागतात. टोके सैल बसली तर निसटतात. खोल जागेसाठी वाकड्या नाकाची पक्कड सोयीची. नाशिककरांना लांब जायला नको. हत्यारे बनविणारी टपारिया कंपनी सातपूरचीच आहे.

काम करताना ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढावी, चष्मा लावावा आणि नवी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी.