वीज स्वच्छ, पण किती वाजता?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, पॅसिफिकच्या कड्यालगत पॉइंट अरीना नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम साडेचारशेच्या आसपास. कॅलिफोर्नियाच्या दफ्तरी मात्र ते ‘सिटी’ आहे आणि त्याची स्वतःची परिषद आहे. कुप्रसिद्ध सॅन अँड्रियास भ्रंश इथल्याच किनाऱ्यावर जमीन सोडून समुद्रात शिरतो. १९०६ च्या भूकंपात इथला दीपस्तंभ निकामी झाला आणि १९०८ मध्ये त्या जागी सलोह काँक्रीटचा नवा मनोरा उभा राहिला. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, म्हणजे पीजी अँड ई या बलाढ्य वीज कंपनीने याच किनाऱ्यावर अणुवीज प्रकल्पाचा घाट घातला. भूकंपाच्या धोक्यावरून प्रश्न उभे राहिले आणि १९७३ मध्ये कंपनीने माघार घेतली.

जून २०१७ मध्ये या गावाने विजेबाबत आणखी एक निर्णय अमलात आणला. या वेळी तो गावाने स्वतः घेतलेला होता. शेजारच्या सोनोमा काउंटीतील गावांनी मिळून चालवलेल्या ‘सोनोमा क्लीन पॉवर’ या सार्वजनिक संस्थेकडून पॉइंट अरीना वीज घेऊ लागले. फोर्ट ब्रॅग, विलिट्स ही गावे आणि मेंडोसिनो काउंटीचा ग्रामीण भागही सोबत आला. त्यासाठी एकही नवा खांब रोवावा लागला नाही, तार ओढावी लागली नाही. वीज पीजी अँड ईच्याच तारांतून येत राहिली, बिलही तीच कंपनी पाठवत राहिली. मग बदलले काय? या प्रश्नाचे उत्तर थोडे कायद्यात आहे आणि बरेचसे भौतिकशास्त्रात.

आधी कायदा. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेच्या बाजाराचा फज्जा उडाला. घाऊक दर आकाशाला भिडले, भारनियमन करावे लागले, पीजी अँड ईने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या धक्क्यानंतर २००२ मध्ये राज्याने एक कायदा केला: शहराला किंवा काउंटीला आपल्या हद्दीतील ग्राहकांची मागणी एकत्र बांधून त्यांच्या वतीने वीज खरेदी करता येईल. वहन, खांब, तारा, मीटर आणि दुरुस्ती जुन्या कंपनीकडेच राहील. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९७ मध्येच अशी वाट काढून दिली होती. कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष सुरुवात व्हायला २०१० साल उजाडले. मरीन काउंटीतील संस्थेने त्या मे महिन्यात पहिल्या ग्राहकांना वीज दिली. पुढच्याच महिन्यात राज्यभर एका प्रस्तावावर मतदान होते. अशी योजना सुरू करण्याआधी स्थानिक मतदारांची दोन तृतीयांश संमती बंधनकारक करावी, असा तो प्रस्ताव. त्याच्या प्रचारावर पीजी अँड ईने साडेचार कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. मतदारांनी तो फेटाळला. सोनोमाची संस्था २०१४ मध्ये सुरू झाली आणि आज राज्यात अशा सुमारे दोन डझन संस्था आहेत.

या कायद्याची खरी मेख ग्राहक नोंदणीच्या पद्धतीत आहे. गावाने निर्णय घेतला की गावातले सगळे ग्राहक आपोआप नव्या संस्थेत येतात. ज्याला नको असेल त्याने कळवून जुन्या कंपनीकडे परत जायचे. हे उलटे केले असते, म्हणजे ज्याला हवे त्याने अर्ज करावा असे ठेवले असते, तर मोजके उत्साही लोक सोडून कुणी फिरकले नसते. आणि इथे संख्येला फार महत्त्व आहे. सौर किंवा भूऔष्णिक प्रकल्पाला कर्ज देताना बँक एकच गोष्ट पाहते: पुढची पंधरा-वीस वर्षे ही वीज विकत घेण्याची हमी कुणी दिली आहे का? साडेचारशे वस्तीच्या गावाच्या सहीला तिथे वजन नाही. दोन काउंट्यांतल्या लाखो ग्राहकांच्या वतीने केलेल्या सहीला आहे.

आता भौतिकशास्त्र. पॉइंट अरीनातल्या एखाद्या घरात दिवा लागला, तर तो नेमका कुणाच्या विजेवर लागतो? संस्थेने करार केलेल्या प्रकल्पातून निघालेला इलेक्ट्रॉन त्या घरी पोहोचतो का? अजिबात नाही. आपल्या घरांत येते ती प्रत्यावर्ती वीज. अमेरिकेत तिची दिशा सेकंदाला साठ वेळा आवर्तन घेते, आपल्याकडे पन्नास वेळा. तारेतले इलेक्ट्रॉन जागच्या जागी पुढे-मागे हलतात आणि ते हलणेही केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतराचे असते. प्रवास करते ती ऊर्जा, तारांभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून, प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत. शिवाय ग्रिडमध्ये सगळी केंद्रे एका तालात फिरत असतात आणि त्यांनी दिलेली ऊर्जा एकमेकांत मिसळते. कोणत्या घराला कुणाची ऊर्जा मिळाली, हा प्रश्नच तिथे निरर्थक होतो.

आपल्या दूध संघाचा हिशेब आठवला की हे चटकन उमगते. केंद्रावर प्रत्येकाचे दूध मोजले जाते, फॅट लावली जाते, नोंद होते आणि मग सगळे एकाच टाकीत जाते. शहरातल्या पिशवीत कुणाच्या गाईचे दूध आहे हे सांगता येत नाही, पण पैसे नोंदीप्रमाणे बरोबर पोहोचतात, आणि ज्याला पैसे मिळतात तो पुढच्या वर्षी आणखी एक गाय बांधतो. स्वच्छ वीज ‘विकत घेणे’ ते एवढेच: ग्रिडमध्ये कुणी किती टाकले याची नोंद आणि त्या नोंदीप्रमाणे पैसा. त्या पैशाच्या भरवशावर नवा प्रकल्प उभा राहिला, तर तेवढ्या प्रमाणात कोळसा किंवा वायू कमी जळतो. गावाच्या निर्णयाचा परिणाम घरातल्या तारेत शोधून सापडत नाही. तो दूरच्या कुठल्या तरी संचाच्या धुराड्यात दिसतो.

पण इथेच एक मोठी फट आहे. दूध गार करून रात्रभर ठेवता येते. वीज मात्र ज्या क्षणी लागते, त्याच क्षणी कुणीतरी बनवावी लागते, नाहीतर आधी साठवून ठेवावी लागते. हिशेबाची वही मात्र बहुतेक ठिकाणी वर्षाची आहे. समजा, एका घराला दिवसाला दहा युनिट लागतात. चार ऊन असताना, सहा सूर्य मावळल्यावर. त्याच्यासाठी संस्थेने दहाही युनिट सौर प्रकल्पाकडून घेतले. वर्षाअखेरीस कागदावर शंभर टक्के स्वच्छ! प्रत्यक्षात दुपारचे सहा जादा युनिट ग्रिडमध्ये दुसऱ्याच कुणीतरी वापरले आणि संध्याकाळचे सहा युनिट त्या वेळी जो संच चालू होता त्याने दिले. कॅलिफोर्नियात तो संच बहुधा नैसर्गिक वायूचा असतो.

ही फट डोळ्यांना दिसावी, असा आलेख राज्याच्या ग्रिड नियंत्रकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण मागणीतून सौर आणि पवन वीज वजा केली की दुपारी रेषा खोल खाली जाते आणि सूर्य कलताच झपाट्याने वर चढते. तिचा बदकासारखा आकार पाहून लोकांनी तिला ‘डक कर्व्ह’ म्हणायला सुरुवात केली. वसंत ऋतूत, ऊन भरपूर आणि वातानुकूलनाची गरज नाही अशा दुपारी, तिथे घाऊक विजेचा भाव शून्याच्याही खाली जातो. म्हणजे वीज घ्यायला कुणी तयार झाले तर त्यालाच पैसे मिळतात! काही तासांनी तीच वीज महाग होते. २०२४ पर्यंत राज्यात १०,००० मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या बॅटऱ्या बसल्या आणि संध्याकाळचा मोठा भार त्यांनी उचलला. पण या बॅटऱ्या साधारण चार तास पुरतात. मध्यरात्रीनंतर काय?

याचे एक उत्तर पॉइंट अरीनापासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर, मायाकामास डोंगरात आहे. ‘द गीझर्स’ हे जगातले सर्वांत मोठे भूऔष्णिक वीज संकुल. जमिनीखाली काही किलोमीटरवर वितळलेल्या खडकाची धग आहे. तिच्यावरच्या सच्छिद्र खडकात पाण्याची वाफ कोंडलेली आहे, तीही कोरडी वाफ. त्यामुळे विहीर खोदली की वाफ थेट टर्बाइनवर सोडता येते. जगात अशी क्षेत्रे मोजकीच आहेत. १९६० मध्ये इथे ११ मेगावॉटचा पहिला व्यापारी संच पीजी अँड ईनेच चालू केला. पुढे संच वाढत गेले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब उतरू लागला. खालची उष्णता कायम होती, आटले होते ते पाणी. पाऊस जितके मुरवतो त्याहून जास्त वाफ उपसली गेली होती.

त्यावरचा उपाय आला सांडपाण्यातून. १९९७ पासून लेक काउंटीचे आणि २००३ पासून सँटा रोझा शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी लांबच लांब नळांनी डोंगरावर चढवून तापलेल्या खडकात सोडले जाऊ लागले. त्याची पुन्हा वाफ होते, वाफेची वीज होते. घसरणीला आवर बसला. या प्रयोगाची किंमतही आहे: गार पाणी तापल्या खडकावर पडले की खडक आकसतो, तडकतो, आणि आसपासच्या वस्त्यांना भूकंपाचे बारीक धक्के जाणवतात.

सोनोमा क्लीन पॉवरने या वाफेच्या विजेचे करार केले. संस्थेच्या ‘एव्हरग्रीन’ योजनेत थोडे जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला दिवसा सौर आणि अहोरात्र भूऔष्णिक, अशी याच दोन काउंट्यांतली वीज दिली जाते. पहाटे तीनलाही टर्बाइन फिरतच असते. आता ६०० मेगावॉटपर्यंत नवी भूऔष्णिक क्षमता उभारायची आणि तीही पाणी कमी वापरणाऱ्या तंत्राने, असे संस्थेने योजले आहे. खोदाईचा खर्च प्रचंड आणि नवे तंत्र अजून कसाला लागायचे आहे, त्यामुळे हे काम सौर पाट्या बसवण्याइतके झटपट होणारे नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गाव नव्या संस्थेत गेले तरी जुन्या कंपनीने त्याच्यासाठी पूर्वीच केलेले महागडे दीर्घ करार संपत नाहीत. त्यांचा भार उरलेल्या ग्राहकांवर पडू नये म्हणून गेलेल्यांच्या बिलात एक आकार लागतो. बाजारभाव पडला की तो वाढतो, चढला की उतरतो. संस्थेने कितीही हुशारीने खरेदी केली तरी या आकारामुळे तिची बचत कधी कधी गिळली जाते. आणि तारा दुसऱ्याच्या आहेत, हे विसरता येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वादळी वाऱ्यांत वणवा भडकू नये म्हणून पीजी अँड ईने सोनोमा आणि मेंडोसिनोसह मोठ्या भागाची वीज तोडली. त्याच दिवसांत गीझर्स परिसरात किंकेड वणवा पेटला. त्याचे कारण कंपनीची पारेषण वाहिनी होते, असा निष्कर्ष राज्याच्या अग्निशमन विभागाने पुढे काढला. वीज स्वच्छ असो वा नसो, तार बंद झाली की सगळे सारखेच अंधारात.

सहकाराची वीज महाराष्ट्राला नवी नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने १९७१ पासून २०११ पर्यंत वितरण केले. पण तिची मांडणी अगदी उलटी होती. निर्मिती राज्याच्या वीज मंडळाची; तारा, वसुली, गळती आणि थकबाकी मात्र संस्थेच्या गळ्यात. कॅलिफोर्नियातल्या गावांनी तारा कंपनीकडे ठेवल्या आणि खरेदीचा अधिकार घेतला. आपल्या २००३ च्या वीज कायद्यात मोठ्या ग्राहकाला खुल्या प्रवेशाने, म्हणजे त्याच तारांतून पण हव्या त्या उत्पादकाची, वीज निवडता येते. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी त्याकरिता लागणाऱ्या किमान मागणीची मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. गावातल्या हजार घरांची मागणी एकत्र बांधून पंचायतीने बाजारात उतरावे, असा रस्ता मात्र त्यात आखलेला नाही.

वेळेचा धडा आपण वेगळ्या वाटेने गिरवतो आहोत. रात्री-अपरात्री पंप चालू करायला शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याला तो कुणी शिकवायला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीच्या फिडरला दिवसा वीज देण्याचा प्रयत्न आहे, म्हणजे मागणीच उन्हाच्या वेळेवर आणायची. २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत सुरू झाली, तिच्यामागेही हेच गणित आहे. पंपाला दिवसा चालवता येते. रात्री साडेआठचा दिवा, पंखा आणि टीव्ही मात्र तिथेच राहतात.

कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यानुसार २०२८ पासून प्रत्येक वीज पुरवठादाराला आपल्या विजेमागचे कार्बन उत्सर्जन तासागणिक जाहीर करावे लागणार आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील ‘पेनिन्सुला क्लीन एनर्जी’ या अशाच संस्थेच्या अभ्यासानुसार, वर्षातल्या ९९ टक्के मागणीला तासातासाची स्वच्छ वीज देण्याचा खर्च २ टक्क्यांच्या आसपासच वाढतो. खरी महागाई शेवटच्या एका टक्क्यात आहे. तासाची वही उघडली की स्वस्त दुपारची वीज घेऊन शंभर टक्क्यांचा शिक्का मारणाऱ्यांची पंचाईत होईल आणि अहोरात्र चालणाऱ्या वाफेला, रात्रीच्या वाऱ्याला, साठवणुकीला आपापला खरा भाव मिळेल. पॉइंट अरीनासारख्या गावाला ग्रिडचे भौतिकशास्त्र बदलता येत नाही आणि तारांची मालकीही नाही. पण कोणत्या तासाच्या विजेसाठी पैसे मोजायचे, हे विचारायला आता त्याच्या हक्काची एक संस्था आहे. आपल्याकडे ‘शंभर टक्के सौर’ असा फलक कुठे लागलेला दिसला, तर पुढचा प्रश्न तोच विचारावा.