वेगवान मोटारीचे ब्रेक

मोटारीचा वेग वाढविण्याची हौस पुष्कळांना असते. ती थांबवावी कशी, हा विचार मात्र बहुधा मागाहून सुचतो. ब्रेक वेगाची उष्णता करतो, आणि ती उष्णता कोठेतरी जावी लागते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हा शाळेतलाच नियम. १२०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटरवरून थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेने दीड लिटर पाण्याला आधण येईल; २०० किलोमीटरवरून थांबविली, तर सहा लिटरांना.

जुन्या ड्रम ब्रेकचे दुखणे हेच होते. ड्रम तापून फुगे, आतल्या लायनरपासून दूर सरके, आणि पेडल अधिकाधिक खोल जाई. फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यानंतर एकाएकी काटकोनी वळण येई. १९५३ साली जॅग्वारने तेथे आपल्या सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक बसविले. उघडी डिस्क वाऱ्यात फिरते, म्हणून लवकर निवते. फेरारीचे इंजिन साडेचार लिटरचे होते, जॅग्वारचे ३.४ लिटरचे, परंतु वळणापाशी अधिक उशिरा ब्रेक लावण्याची मुभा जॅग्वारला होती, आणि तीही फेरीमागून फेरी. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने ती शर्यत जिंकली.

ही कथा ऐकून कोणी थेट मोठ्या डिस्कवर पैसा खर्चील, तर माझ्या मते तो क्रम उलटा होय. जुने ब्रेकही चाक जखडू शकत असतील, तर मोठ्या डिस्कने पहिल्या खेपेचे अंतर घटत नाही. तेथे रस्त्याला धरतो तो टायर. मोठ्या डिस्कचा गुण कळतो तो लागोपाठच्या दहाव्या खेपेस.

आधी द्रव बदलावा. गॅरेजवाले त्याला ब्रेक ऑइल म्हणतात. वस्तुतः सामान्यतः ते तेल नसतेच. हा द्रव हवेतील ओल शोषतो. डॉट-४ जातीचा ताजा द्रव २३० अंशांखाली उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्या द्रवास तोच दंडक १५५ अंशांवर येतो. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे दाबले जातात, पेडल तळाला टेकते, आणि गाडी धावतच राहते. त्यानंतर पॅड, मात्र शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, म्हणून सकाळी बाजारात जाणाऱ्या गाडीला ते घालू नयेत. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही राखावा. मागचे अधिक जोरदार झाले, तर गाडी गिरकी घेते.

बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या उतारावर मुळातच खालचा गिअर हवा. तरीही पेडल मऊ लागू लागले, तर गाडी कडेला थांबवावी आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ती वाकते, प्रसंगी तडकतेही.